टोचणी

हर्षद दुधगावकरनं पुन्हा एकदा गाडी मागे वळवली, तेव्हा केतकीचा धीर सुटला.

चार्वीच्या खो-खोच्या सामन्याला निघाले होते तिघं. सावरपूरच्या उड्डाणपुलाखाली चाक एका खड्ड्यात आपटलं आणि हर्षदच्या मनानं घेतलं, की आपण कुणाला तरी उडवलं. तो मागे जाऊन खड्डा पाहून आला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वळला. न जाणो, माणूस धडकून नाल्यात पडला असेल. गाडीच्या कॅमेऱ्यानं सगळा रस्ता पडद्यावर दाखवला, त्यात एक कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी त्याची खात्री पटेना. कॅमेऱ्याला न दिसलेला एखादा कोपरा असतोच. शेवटी मैदानाच्या फाटकाशी पोचले, आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि हर्षद स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणत होता, "केतकी, तो माणूस चालत घरी गेला असेल आणि घरी गेल्यावर कोसळला असेल तर?"

"कोणता माणूस?" केतकी ओरडली. "अरे, माणूसच नव्हता रे तिथे!"

चार्वी मागच्या सीटवरून उतरली आणि एकटीच आत गेली. तेरा वर्षांची होती ती. वडिलांचं हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. फाटकात तिला खो-खो शिकवणाऱ्या अश्विनी मॅडम उभ्या होत्या, त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला आत नेलं.

हर्षद पूर्वी असा नव्हता. म्हणजे हळवा होताच. लग्न ठरताना त्यानं केतकीला सांगितलं होतं, की तुझ्याआधी मला एक मुलगी आवडायची, आणि हे न सांगता तुझ्याशी लग्न करणं मला जमणार नाही. केतकीला तेव्हा हसू आलं होतं आणि फार निर्धास्तही वाटलं होतं. पुढे तो नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ झाला आणि केतकीनं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान काढलं. घरात बरोबर काय आणि चूक काय याची चर्चा कधी झाली नाही. तशी गरजच पडायची नाही. चार्वी लहान असताना जेवता जेवता शाळेतली एखादी लबाडी सांगायची, आणि हर्षदचा घास हातातच थांबायचा. रागवायचा नाही, बोलायचाही नाही. पण तो थांबलेला हात पाहून पोरीचा चेहरा उतरायचा. खरं तर केतकीचाही. दुकानातल्या एखाद्या गोष्टीबद्दल मन द्विधा झालं, की ती घरी येऊन सहज बोलल्यासारखी ती गोष्ट काढायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. तिला उत्तर मिळायचं.

मग हर्षदचे वडील गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काही करता येण्यासारखं नव्हतं. हर्षदला ते पटलं नाही. तिथून त्याच्या मनाला जी कुरतड लागली ती थांबेना. पाण्याचा एकेक नमुना तो पुन्हा पुन्हा तपासू लागला. दहावीत ज्याला चिडवलं होतं त्या वर्गमित्राच्या घरासमोर जाऊन तासन् तास उभा राहू लागला. गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं. दिवाळीनंतर एका सकाळी तो कालव्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेला सापडला, आणि केतकीनं पुण्याच्या डॉ. रेहाना इनामदारांची वेळ घेतली.

डॉ. इनामदार मेंदूच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

"आपल्याला वाटतं, की आपण आधी विचार करतो, मग ठरवतो हे चूक आहे. बहुतेक वेळा उलटं होतं. आधी शरीराला कळतं. पोटात खड्डा पडतो, छातीत काहीतरी आवळतं. मेंदूच्या आत, कानाच्या वरच्या बाजूला खोलवर एक घडी असते, ती शरीराच्या या खुणा वाचते. कपाळामागचा भाग त्या खुणेचा अर्थ लावतो. विचार नंतर येतो, कारणं शोधत. तान्ह्या मुलाला हे सगळं येत नाही. आईचा चेहरा बदलला की त्याच्या पोटात कालवतं, असं हजारदा होतं, आणि मग आई समोर नसली तरी कालवायला लागतं. त्याला आपण सदसद्विवेक म्हणतो. मी त्याला टोचणी म्हणते. हर्षदरावांची टोचणी बिघडलेली नाही. तिचा आवाज फार मोठा झालाय, इतकंच."

"तो बंद करता येतो?" केतकीनं विचारलं.

"कमी करता येतो."

उपचारात चिरफाड नव्हती. डोक्यावर शिरस्त्राणासारखं यंत्र बसवायचं. त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी चारी बाजूंनी सोडायच्या आणि मेंदूतल्या त्या घडीवर एकत्र आणायच्या. तिथल्या पेशींचे जोड सैल पडतात. आठवण, बुद्धी, प्रेम, कशालाही धक्का लागत नाही. वर्षभराच्या आत वाटलं तर ते जोड पुन्हा घट्ट करता येतात. त्यानंतर मेंदू नव्या मांडणीत स्थिरावतो, मग काही करता येत नाही.

दोन-तीन बैठकांतच हर्षद बदलला. आता तो पुण्याहून सावरपूरला येताना गाडी थांबवत नव्हता. जेवत होता. अधूनमधून मात्र पहाटे उठून बसायचा, एखाद्या जुन्या गोष्टीवरून हळहळायचा.

"इथे थांबू या," डॉ. इनामदार म्हणाल्या. "थोडं टोचू दे. माणसाला तेवढं लागतं."

केतकीनं हर्षदकडे पाहिलं. तिला कालव्याचा कठडा आठवला.

"डॉक्टर, अजून थोडं कमी करा ना. परत वाढलं तर? मला ते परत नाही बघवणार."

डॉक्टरांनी हर्षदला विचारलं. तो म्हणाला, "केतकी म्हणेल तसं."

डॉ. इनामदारांनी आणखी एक बैठक दिली.

त्यानंतरचे महिने केतकीच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते. हे ती पुढेही कधी नाकारू शकली नाही. हर्षद हसू लागला, तेही मोठ्यानं. न्हाणीघरात गाऊ लागला. रविवारी तिघं धरणावर जायची, तो चार्वीबरोबर पाण्यात उड्या मारायचा. प्रयोगशाळेतली तुंबलेली कामं त्यानं उपसून काढली, मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. केतकी दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासताना मधेच स्वतःशी हसायची. शेजारचा मोबाइलवाला म्हणायचा, "काय वहिनी, आज खुशीत?"

त्यातच एका संध्याकाळी चार्वीनं जेवताना सांगितलं, की विज्ञान प्रदर्शनात तिच्या प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. कल्पना मुळात वर्गातल्या निहारिकाची होती. तिनं विश्वासानं सांगितली आणि चार्वीनं आधी नाव दिलं. मग निहारिकानं तेच मांडलं, तर बाईंनी तिलाच नक्कल केलीस म्हणून झापलं.

चार्वी हे हसत हसत सांगत होती, पण सांगून झाल्यावर तिनं वडिलांकडे पाहिलं. केतकीनंही पाहिलं.

हर्षदनं आमटीत पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि म्हणाला, "वा! मग पुढे जिल्ह्याला जाणार का?"

चार्वी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली, आणि जेवू लागली.

आता आपण बोलायला हवं, असं केतकीला वाटलं. पण काय बोलायचं? इतक्या वर्षांत हे काम तिनं कधी केलंच नव्हतं. आणि घरात सगळे हसत होते. किती दिवसांनी हसत होते. तिनं भाताचं भांडं पुढे सरकवलं.

पावसाळा संपता संपता गावातल्या 'नवी वसाहत' भागात कावीळ पसरली. आधी चार-दोन घरं, मग गल्लीच्या गल्ली. कुठेतरी गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळत होतं. ही कावीळ धडधाकट माणसाला महिनाभर लोळवते आणि सोडते. गरोदर बाईला मात्र ती घातक ठरू शकते. अश्विनी मॅडम नवी वसाहतीतच राहत होत्या. सातवा महिना होता. मैदानावर यायचं त्यांनी नुकतंच थांबवलं होतं. त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या शहरात हलवलं, आणि तिथे त्या आणि पोटातलं मूल, दोघंही गेली.

चार्वी शाळेतून आली ती दप्तरासकट जमिनीवर बसली आणि उठेचना. केतकी तिला जवळ घेऊन बसली. हर्षदनं तिघांसाठी चहा केला, बशीत बिस्किटं काढली आणि सहज म्हणाला, "त्या भागाचा नमुना माझ्याकडे आला होता."

"कधी?" केतकीनं विचारलं.

"गणपतीच्या आधी. क्लोरीन जवळजवळ शून्य होतं. पुन्हा नमुना घ्यायला हवा होता. पण तसं लिहिलं, की पाणी बंद करावं लागतं, आणि साहेब म्हणाले, सणात पाणी बंद नको. मग मी आधीच्या आठवड्याच्या नमुन्याशी सरासरी काढली. सरासरी नियमात बसत होती."

त्याच्या आवाजात चोरटेपणा नव्हता. बाजारातून आणलेल्या भाजीबद्दल सांगावं तसं तो सांगत होता. केतकीनं हातातला कप खाली ठेवला.

"हे तू आम्हाला आत्ता सांगतोयस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

चार्वीनं डोकं वर केलं. "बाबा, मॅडम गेल्या. तुला वाईट नाही वाटत?"

हर्षदनं विचार केला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात कधीच नव्हतं, आणि यंत्रानं त्याच्या स्वभावातलं तेवढं मात्र शाबूत ठेवलं होतं.

"वाईट झालं हे मला कळतं, बाळा," तो म्हणाला. "वाटत नाही."

चौकशी झाली. हर्षदनं समितीसमोरही सगळं जसंच्या तसं सांगितलं. समितीनं फुटलेल्या नळावर आणि ठेकेदारावर ठपका ठेवला, हर्षदला लेखी समज दिली आणि दुसऱ्या विभागात हलवलं. तो नव्या विभागातही खुशीत रमला.

घरात मात्र चार्वी त्याच्याशी बोलेनाशी झाली. ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं आपल्या परीनं उपायही शोधला.

"तुझ्या दुकानात तो मास्तर येतो ना," एक दिवस तो केतकीला म्हणाला, "ज्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही? तो बायकोला विचारून कपडे घेतो आणि त्याचं काही अडत नाही. तसं मला सांगत जा. हे चूक, हे बरोबर. मी तसंच वागेन. शप्पथ."

आणि खरोखरच तो विचारू लागला. शेजाऱ्यांच्या गाडीला आपल्या गाडीचा ओरखडा गेला, कुणी पाहिलं नाही, सांगायचं का? नव्या विभागातला एक जण आजारी असल्याचं खोटं सांगून सुट्टीवर गेलाय. कुणाला बोलायचं का? रोज काहीतरी असायचं. केतकी सुरुवातीला पटापट उत्तरं द्यायची. मग तिला अडखळायला झालं. एखाद्या प्रश्नावर ती नकळत त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि तिथे तो वाट बघत असायचा, तिच्याच उत्तराची.

उपचाराला वर्ष होत आलं होतं. ती त्याला घेऊन डॉ. इनामदारांकडे गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी त्या दिवशी तुमचं ऐकायला नको होतं," त्या म्हणाल्या. "ठरवणारी मी होते." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "जोड पुन्हा घट्ट करता येतील. अजून थोडे दिवस आहेत. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आठवण पुसलेली नाही. या वर्षात जे टोचलं नाही ते सगळं तिथे तसंच आहे. आवाज वाढवला, की ते एकदम ऐकू येईल. पूर्वी हर्षदराव न केलेल्या गुन्ह्यांसाठी कालव्यावर गेले होते. आता..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"तुम्ही सांभाळाल ना? औषधं, देखरेख?"

"सगळं करू. खात्री देऊ शकत नाही."

त्या हर्षदकडे वळल्या. "संमती तुमची लागते. तुम्हाला काय वाटतं?"

"माझं आत्ता बरं चाललंय," हर्षद म्हणाला. "पण या दोघींना त्रास होतोय, ते दिसतंय. केतकी ठरवेल. सही मी करीन."

परतीच्या वाटेवर तो गाडीत शांत झोपला. केतकी त्याच्याकडे बघत राहिली. कपाळावर एकही आठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती नवी वसाहतीत गेली, अश्विनीच्या आईकडे. सुलोचनाबाई कदम दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. केतकीनं आपण कोण ते सांगितलं, आणि मग नमुन्याची, सरासरीची सगळी हकीकत सांगितली. उपचाराचीही सांगितली. अजून कमी करा, हे आपणच म्हणालो, तेसुद्धा.

सुलोचनाबाईंचे हात तांदळात थांबले होते.

"ते स्वतः का नाही आले?"

"येतील, काकू. मी सांगितलं तर आत्ता येतील. माफी मागतील तुमची."

"तुम्ही सांगितलं तर," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "मग नको. सांगून पाठवलेला माणूस दारात उभा राहिला तर मी त्याच्याशी काय बोलू? आपणहून येण्यासारखे झाले, की या म्हणावं. शिव्या देईन, दगड मारीन, काय व्हायचं ते होईल. पण कुणीतरी आलं होतं, असं तरी होईल."

केतकी घरी आली तेव्हा तिनं ठरवलं होतं. तिनं डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली. मुदत संपायच्या अगदी आधीची मिळाली. चार्वीला तिनं सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी पोर तिच्या कुशीत शिरली.

"तो परत रडेल, आई."

"हो."

"चालेल. आपण दोघी असू ना."

निघायच्या दिवशी सकाळी हर्षद लवकर उठला. दाढी केली, पिशवी भरली, तिघांसाठी पोहे केले. पोह्यांवर खोबरं पेरताना तो गुणगुणत होता. चार्वी शेजारणीला किल्ली द्यायला गेली होती. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिला दिसलं, की आपण पाहतोय तो त्याचा शेवटचा निवांत चेहरा. पुन्हा ते वळून वळून मागे जाणं. पुन्हा पहाटे रिकामं अंथरूण पाहून कालव्याकडे धावणं. या वेळी आपण वेळेवर पोचलो नाही तर? आणि पोचलो, तर रोज त्याच्या डोळ्यांत अश्विनी बघायची, तिच्यामागे उभं असलेलं आपलं ते 'अजून थोडं कमी करा' हे वाक्यही बघायचं.

"हर्षद," ती म्हणाली, "नको जाऊ या."

त्यानं मान वळवली. "नक्की?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "पोहे गरम आहेत, बस."

चार्वी परत आली तेव्हा तो पिशवीतले कपडे कपाटात ठेवत होता. तिनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. पोहे तसेच टाकून ती शाळेत गेली. त्या आठवड्यात मुदत संपली.

जूनमध्ये चार्वीनं दुसऱ्या शहरातल्या शाळेत नाव घातलं, वसतिगृहाच्या. तिथे मैदान चांगलं आहे, असं कारण तिनं दिलं. तिला सोडायला दोघं बस स्थानकावर गेले. हर्षद तिची ट्रंक सामानाच्या कप्प्यात नीट बसतेय का ते बघत होता, चालकाशी गप्पा मारत होता.

चार्वी पायरीवर एक पाय ठेवून थांबली. उंच झाली होती, आईच्या खांद्याच्या वर.

"आई, एक विचारू? त्या दिवशी तू त्याला का नाही नेलंस? त्याला त्रास होईल म्हणून, की तुला होईल म्हणून?"

केतकीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. त्याच्या जिवाला धोका होता, डॉक्टरही म्हणाल्या होत्या. ते खोटंही नव्हतं. ते उत्तर तिनं स्वतःला इतक्यांदा दिलं होतं, की गुळगुळीत झालं होतं. पण पोर डोळ्याला डोळा भिडवून उभी होती, आणि केतकीच्या पोटात खोल कुठेतरी खड्डा पडला.

"मला होईल म्हणून," ती म्हणाली.

चार्वीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, क्षमाही नव्हती. ती आत जाऊन खिडकीशी बसली.

बस आवाज न करता निघाली. हर्षद ती वळेपर्यंत हात हलवत राहिला. मग त्यानं केतकीकडे पाहिलं आणि तिच्या खांद्याभोवती हात टाकला.

"रडतेस काय वेडे?" तो प्रेमानं म्हणाला. "दिवाळीत येईलच की."